कोळंबीचे कवच पाण्यात घडते

अमावास्या-पौर्णिमा जवळ आली की कोळंबीच्या तलावांवर मिनरलच्या पिशव्या बांधावर येऊन पडतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठेही जा, हिशेब एकच ऐकू येतो: कोळंबी कात टाकणार, तिला कॅल्शियम लागणार, म्हणून पिशवी फोडायची आणि तलावभर फेकायची. यातली पहिली दोन वाक्ये खरी आहेत. तिसऱ्यात मात्र बरेचदा पैसा जातो आणि कवच मऊच राहते. मऊ कवचाचा माल व्यापारी वेगळा काढतो आणि त्याचा दर पाडतो. त्याआधी तलावातही नुकसान झालेलेच असते, कारण नुकती कात टाकलेली कोळंबी टणक कवचाच्या कोळंब्यांच्या तोंडी पडते. म्हणून पिशवी फोडण्याआधी कवच कसे घडते आणि त्यासाठी आपल्या पाण्यात काय असायला हवे, हे नीट समजून घेऊ.

कोळंबीचे कवच एकदा टणक झाले की वाढत नाही. अंगाने वाढायचे तर ते टाकूनच द्यावे लागते. पाण्याचे तापमान 28 अंशांच्या आसपास असेल तर व्हेनामी जातीच्या कोळंबीचे बारीक बीज तीस-चाळीस तासांनी कात टाकते. एक ते पाच ग्रॅमची कोळंबी चार ते सहा दिवसांनी आणि पंधरा ग्रॅमच्या पुढची साधारण दोन आठवड्यांनी कात टाकते. मोठ्या कोळंबीचे हे पंधरवड्याचे चक्र उधाणाच्या दिवसांशी जुळते, म्हणून अमावास्या-पौर्णिमेला एका रात्रीत निम्मा तलाव कात टाकताना दिसतो. छोट्या कोळंबीला मात्र तिथीची वाट पाहायची नसते. बीज सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तिथी बघून मिनरल देणारा शेतकरी तिच्या बऱ्याच कातींना हुकतो.

कात टाकण्याची तयारी बरीच आधी सुरू होते. एका कातीपासून दुसऱ्या कातीपर्यंतचा जवळजवळ निम्मा काळ या तयारीतच जातो. डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते. तिच्यातून येणारे संप्रेरक कात टाकण्याची क्रिया रोखून धरते. हा लगाम सैल झाला की कात टाकायला लावणारे दुसरे संप्रेरक रक्तात वाढू लागते. मग जुन्या कवचाखालची त्वचा सुटते आणि तिच्यावर नव्या कवचाचे बाहेरचे दोन थर तयार होतात. या थरांत कायटिन आणि प्रथिनांचे धागे असतात, खनिज जवळजवळ नसते. ते नसणे गरजेचेही आहे. आतले कवच आधीच कडक झाले तर कोळंबी जुन्या कवचातून बाहेरच पडू शकणार नाही.

प्रत्यक्ष कात बहुतेक वेळा रात्री पडते. डोके आणि धड यांच्या सांध्यावर पाठीकडून कवच उकलते, कोळंबी अंग वाकवते, आधी डोक्याकडचा भाग ओढून घेते आणि मग शेपटीच्या एका झटक्यासरशी मोकळी होते. मागे राहिलेली कात बघावी: डोळ्यांवरचे आवरण, मिशा, पाय, सगळे जागच्या जागी, फक्त आत कोळंबी नाही. जठरातल्या दातांचे अस्तरसुद्धा या कातीबरोबर जाते. म्हणूनच कात टाकण्याच्या आधी आणि नंतर काही काळ कोळंबी खात नाही.

बाहेर पडताच ती भराभर पाणी शोषते आणि अंग फुगवते, कारण पुढच्या कातीपर्यंत वाढायला लागणारी जागा तिला आत्ताच करून घ्यायची असते. त्यानंतर कवच दोन टप्प्यांत घट्ट होते. आधी प्रथिनांचे धागे एकमेकांत बांधले जातात, त्याने कवच चिवट होते. मग आतला तिसरा थर चढतो आणि त्यात, तसेच बाहेरच्या थरातही, कॅल्शियम कार्बोनेट बसते. खरा टणकपणा इथे येतो. बारीक कोळंबीत हे काम काही तासांत उरकते, मोठीला एक ते दोन दिवस लागतात. आपल्याला जे काही करायचे ते याच मुदतीसाठी.

हे कॅल्शियम येते कुठून? गोड्या पाण्यातला क्रेफिश कात टाकण्यापूर्वी जुन्या कवचातले कॅल्शियम काढून जठरात खड्यासारखे साठवतो आणि नंतर तेच वापरतो. आपल्या व्हेनामीकडे किंवा टायगर कोळंबीकडे अशी साठवण नाही. समुद्रात कॅल्शियम मुबलक असल्याने तिला ती लागलीच नाही. जुन्या कवचातले बहुतेक खनिज कातीबरोबर तळाला जाते, आणि नव्या कवचाचे खनिज ती कल्ल्यांवाटे आणि अंगावाटे थेट पाण्यातून घेते. त्या वेळी तिचे तोंड बंद असते. त्यामुळे कात पडलेल्या रात्री खाद्याला चोळून दिलेले मिनरल त्या कातीच्या उपयोगी पडत नाही.

पाण्यातून घ्यायच्या गोष्टींत पहिले नाव कॅल्शियमचे, पण ते एकटे पुरत नाही. कार्बोनेट तयार व्हायला बायकार्बोनेट लागते, आणि पाण्यातल्या बायकार्बोनेटचा साठा म्हणजेच आपण तपासतो ती अल्कलिनिटी. शिवाय कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून कवच बनते तेव्हा आम्ल सुटते. हे आम्ल कोळंबीला कल्ल्यांवाटे बाहेर टाकावे लागते. बाहेरच्या पाण्याचा सामू उतरलेला असेल आणि अल्कलिनिटी कमी असेल तर ते नीट बाहेर पडत नाही आणि कवचाचे काम रखडते. हे सगळे आत-बाहेर करणारे पंप ऊर्जेवर चालतात, ऊर्जेला ऑक्सिजन लागतो, आणि कात टाकताना कोळंबीची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे काम या पंपांशी आणि विकरांशी जोडलेले आहे. पोटॅशियम कवचात फारसे बसत नाही. पण ते अपुरे असेल तर अंगातल्या क्षारांचा तोल सांभाळता येत नाही आणि कोळंबी नेमकी कात टाकतानाच मरते.

आता आकडे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला कॅल्शियम सुमारे 400 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 1,300 च्या आसपास आणि पोटॅशियम 380 च्या आसपास असते. कमी क्षारतेच्या पाण्यासाठी सोपा ठोकताळा आहे. क्षारता जितकी पीपीटी असेल तिला कॅल्शियमसाठी 11.6 ने, मॅग्नेशियमसाठी 39.1 ने आणि पोटॅशियमसाठी 10.7 ने गुणायचे. म्हणजे 10 पीपीटीच्या तलावात कॅल्शियम 116, मॅग्नेशियम 391 आणि पोटॅशियम 107 असावे. 5 पीपीटीला हेच आकडे 58, 196 आणि 54 होतात. अल्कलिनिटी 100 च्या खाली जाऊ देऊ नये, 120 ते 150 असली तर उत्तम. सामू 7.5 ते 8.5 च्या दरम्यान असावा आणि सकाळ-संध्याकाळच्या मोजणीत अर्ध्याहून अधिक फरक नसावा.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना एक चूक फार होते. अहवालात कॅल्शियम नसते, ‘कॅल्शियम कठीणपणा’ असतो, आणि तो आकडा शेतकरी सरळ कॅल्शियम म्हणून धरतो. कॅल्शियम कठीणपणाला 0.4 ने गुणले की कॅल्शियम मिळते, मॅग्नेशियम कठीणपणाला 0.243 ने गुणले की मॅग्नेशियम. अहवालात 300 लिहिले असेल तर कॅल्शियम 120 आहे. किटवर मोजतानाही हेच लक्षात ठेवावे.

हे आकडे हातात घेऊन आपल्या खाडीच्या पाण्याकडे पाहिले की चित्र बदलते. खाडीचे पाणी म्हणजे पावसाने आणि नदीने पातळ केलेला समुद्र. पातळ झाले तरी त्यातल्या क्षारांचे आपसातले प्रमाण बरेचसे समुद्रासारखेच राहते. त्यामुळे खाडीतून पाणी घेणाऱ्या तलावात 12-15 पीपीटी क्षारता असताना कॅल्शियमचा तुटवडा सहसा नसतो. कमी पडते ती अल्कलिनिटी. जांभ्या कातळावरून वाहत येणाऱ्या पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट फारच थोडे असते. त्यात आपल्या खाजणांतली बरीच माती आम्लधर्मी, बांध ताजे असतील तर पावसात त्यांवरून आम्लच ओघळते. वर कोळंबी प्रत्येक कातीला तलावातले बायकार्बोनेट वापरत असते, आणि अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणूही तेच खात असतात. पीक दोन महिन्यांचे होईपर्यंत 140 वरची अल्कलिनिटी 80 वर आली तर त्यात नवल नाही. अशा तलावात कॅल्शियमची पिशवी ओतणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

एक एकराचा तलाव धरू, पाणी 1.2 मीटर. म्हणजे सुमारे 4,800 घनमीटर पाणी झाले. यात कोणताही घटक दर लिटरला 1 मिलिग्रॅमने वाढवायचा तर तो शुद्ध स्वरूपात 4.8 किलो लागतो. आता 10 किलोची मिनरल मिक्सची पिशवी या तलावात टाकून पाहा. ती पूर्णपणे एकाच शुद्ध घटकाची असती तरी वाढ होते 2 मिलिग्रॅमची. जिथे 107 पोटॅशियम हवे आणि 70 आहे, तिथे 2 ने काय होणार? पिशवीवर घटकांची टक्केवारी छापलेली नसेल तर ती घेऊच नये. टक्केवारी असेल तर हाच गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करावा, मोबाइलवर अर्धा मिनिट लागतो.

पोटॅशियमसाठी सर्वांत सोपी वस्तू म्हणजे खताच्या दुकानातले म्युरेट ऑफ पोटॅश. त्यात पोटॅशियम निम्मे असते. आपल्या एकरी तलावात पोटॅशियम 10 ने वाढवायचे तर सुमारे 96 किलो, म्हणजे पन्नास किलोच्या दोन गोण्या. मातीचे कण पोटॅशियम धरून ठेवतात, म्हणून आठवड्याने पुन्हा मोजावे. मॅग्नेशियमचे गणित मात्र डोळे उघडणारे आहे. मॅग्नेशियम सल्फेटमध्ये मॅग्नेशियम जेमतेम दहा टक्के असते. ते 40 ने वाढवायचे तर जवळजवळ दोन टन माल लागेल. खाडीकाठच्या शेतकऱ्याला त्यापेक्षा भरतीचे चांगले खारे पाणी घेणे कितीतरी स्वस्त पडते, आणि त्यात तिन्ही क्षार योग्य प्रमाणात आयते येतात. ज्यांचे पाणी बोअरचे आहे त्यांची गोष्ट वेगळी. भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यात क्षारता दिसायला भरपूर असते, पण पोटॅशियम अतिशय कमी असू शकते. हरियाणा-पंजाबातल्या खारपड जमिनीवर व्हेनामी वाढवणाऱ्यांना याच कारणासाठी पोटॅश टाकून पाणी सुधारावे लागते. बोअरचे पाणी वापरणाऱ्याने पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची तपासणी झाल्याशिवाय बीज सोडू नये, असे मी ठामपणे सांगेन.

अल्कलिनिटी पीक उभे असताना वाढवायची तर खाण्याचा सोडा हा सर्वांत सुरक्षित मार्ग. एकरी तलावात ती 20 ने वाढवायला सुमारे 160 किलो लागतो. तो पाण्यात विरघळवून दोन-तीन संध्याकाळी वाटून द्यावा, एका दमात नको. शेतीचा चुना आणि डोलोमाइट ही तलाव तयार करतानाची औषधे आहेत. सामू 8.3 च्या वर असेल तर शेतीचा चुना विरघळतच नाही, नुसता तळाशी जाऊन बसतो, आणि तोच चुना महिनोन्‌महिने टाकणारे लोक आहेत. कळीचा चुना किंवा विरवलेला चुना उभ्या पिकात फार जपून वापरावा. तो सामू एकदम चढवतो आणि पाण्यात अमोनिया असेल तर त्याचा विषारी भाग वाढतो. मऊ कवचाच्या कोळंबीला हा दुहेरी मार सोसत नाही.

जूनच्या पहिल्या पावसाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण उन्हाळी पिकाचे सर्वाधिक नुकसान मी त्या दोन-तीन दिवसांत होताना पाहिले आहे. मे महिन्यात बाष्पीभवनाने तलावाची क्षारता चढलेली असते. त्यावर एका रात्रीत चार-पाच इंच पाऊस पडतो. गोडे पाणी वर तरंगते, खालचे खारे पाणी तळाशी अडकते आणि तिथला ऑक्सिजन संपत जातो. क्षारता आणि तापमान एकदम उतरल्याने कोळंबी मोठ्या संख्येने कात टाकते आणि नेमकी त्याच वाईट पाण्यात मऊ पडून राहते. यावर इलाज पावसाआधीचा आहे. बांधांच्या उतारावर शेतीचा चुना मारून ठेवावा. मोरीच्या वरच्या फळ्या काढून वरचे गोडे पाणी वाहू द्यावे. पाऊस पडत असतानाही एरेटर चालू ठेवावेत, म्हणजे थर बनत नाहीत. पाऊस ओसरल्यावर पहिली मोजणी सामू आणि अल्कलिनिटीची करावी, मिनरलचा विचार त्यानंतर.

कात पडण्याच्या रात्री तलावावर काय करावे, हे थोडक्यात सांगता येईल. सगळे एरेटर रात्रभर चालवावेत. पहाटे चारच्या सुमाराला तळाजवळचा ऑक्सिजन 4 च्या खाली जाता कामा नये, 5 असला तर बरे. चेक ट्रेमध्ये काती दिसू लागल्या की खाद्य साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी करावे आणि ट्रे रिकामा होतो तसे पुन्हा वाढवावे. अगदी बंद मात्र करू नये, कारण उपाशी टणक कोळंबी मऊ कोळंबीवर तुटून पडते. या दोन-तीन दिवसांत पाग टाकून नमुने काढणे, जंतुनाशक मारणे, मोठ्या प्रमाणावर पाणी बदलणे, साखळी ओढून तळ ढवळणे, सगळे थांबवावे. तळाच्या काळ्या चिखलातला हायड्रोजन सल्फाइड वर आला तर मऊ कोळंबी सर्वांत आधी जाते. विरघळवलेला सोडा आणि पोटॅश द्यायचे असेल तर कात पडण्याच्या आधल्या संध्याकाळपासून द्यावे, काती तरंगताना दिसल्यावर नव्हे.

कवच भरतेय की नाही हे हाताने कळते, त्यासाठी यंत्र नको. चेक ट्रेमधली कोळंबी ओल्या हाताने उचलावी आणि धडाच्या दुसऱ्या खंडाची बाजू अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबावी. रात्री कात टाकलेली असेल तर बोटांखाली ओल्या रबरासारखे लागते, कवच त्वचेपासून वेगळे जाणवतच नाही. दुसऱ्या दिवशी ते चिवट लागते, दाबले की आत जाते आणि हळू वर येते. पूर्ण भरलेले कवच दबत नाही, दाब काढताच ताठ असते. तिसऱ्या दिवशीही ते पातळ कागदासारखे दबून चुरचुरत असेल तर पाण्यात काहीतरी कमी आहे. शंभर कोळंब्या अशा तपासून त्यात मऊ किती, हे लागोपाठ तीन दिवस वहीत लिहावे. पहिल्या दिवशी 40 असतील तर काळजी नाही. तिसऱ्या दिवशी 10 हून अधिक असतील तर मी पाणी प्रयोगशाळेत पाठवतो.

काही वेळा मात्र मिनरलने काहीच होत नाही, कारण दुखणेच वेगळे असते. कवच आणि मांस यांच्यात पोकळी, मांस आक्रसलेले, डोक्यातली यकृतासारखी ग्रंथी लहान आणि फिकट, हे सैल कवचाचे लक्षण आहे. त्यात तळ, खाद्य आणि रोग तपासावा लागतो. हातात घेताच अंग आखडून पांढरे पडणे आणि शेपटी वाकडीच राहणे, हे बहुधा पोटॅशियम-मॅग्नेशियमच्या कमतरतेचे लक्षण. कवचावर पांढरे गोल ठिपके दिसले तर जराही वेळ न घालवता पीसीआर चाचणी करावी. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने त्वचा बिघडते आणि कॅल्शियमचे क्षार कवचात भलत्याच जागी साचतात, तेच हे ठिपके. 1990 च्या दशकात याच रोगाने आपल्या किनाऱ्यावरची टायगर कोळंबीची शेती झोपवली होती. इतर कारणांनीही ठिपके येतात, पण डोळ्यांनी फरक ओळखण्याच्या फंदात पडू नये. आणि मऊ कवचावर कोणी प्रतिजैविक सुचवले तर त्याला बांधावरूनच परत पाठवावे. बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला तर निर्यातीचा सगळा माल नाकारला जातो.

खाद्याचेही यात काम आहे, पण वेगळ्या दिशेने. पाण्यातून कॅल्शियम मिळते, फॉस्फरस मात्र पुरेसा मिळत नाही, तो खाद्यातूनच यावा लागतो. खाद्यात कॅल्शियम वाढवत गेले तर उलट फॉस्फरस अंगी लागणे कमी होते. म्हणून खाद्याला कॅल्शियमची पूड चोळण्याची सवय सोडलेली बरी. कात टाकायला लावणारे संप्रेरक कोलेस्टेरॉलपासून बनते, आणि कोळंबीला ते स्वतः तयार करता येत नाही. हलक्या दर्जाचे खाद्य घेऊन वाचवलेले पैसे इथे गमवावे लागतात.

विक्रीचा दिवस ठरवतानाही कवचच बघावे. अमावास्या-पौर्णिमेच्या तोंडावर माल काढू नये. मोठी कात पडल्यावर तीन-चार दिवस थांबावे, रोज शंभरांतल्या मऊ कोळंब्या मोजाव्यात आणि तो आकडा खाली आल्यावरच व्यापाऱ्याला बोलवावे. दोन दिवसांचे खाद्य आणि वीज यांचा खर्च दरातल्या कपातीपेक्षा कमीच भरतो.

व्हेनामी मूळची मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या प्रशांत किनाऱ्याची. अर्ध्या पीपीटीपासून 45 पीपीटीपर्यंतच्या पाण्यात ती तग धरते, म्हणून 2009 मध्ये भारतात तिला परवानगी मिळाल्यावर ती सगळीकडे पसरली. नियमाने चौरस मीटरला 60 पर्यंत बीज सोडता येते. इतकी कोळंबी एका तलावात वारंवार कवच घडवते तेव्हा पाण्यातला साठा झपाट्याने उतरतो, आणि तो उतरताना डोळ्यांना काहीच दिसत नाही. तेव्हा पुढचे बीज सोडण्याआधी पाण्याची एक बाटली भरून प्रयोगशाळेत द्या. क्षारता, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम, हे पाच आकडे मागून घ्या आणि तलावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अल्कलिनिटीचे किट विकत घ्या आणि पीक उभे असेपर्यंत आठवड्यातून दोनदा मोजा.